अ‍ॅम्प्लिफायरखालची कवळी

श्रवण सुधार मंडळाने दंतोबाला समाधानी असल्याच्या आरोपावरून काढून टाकलं. ठराव एकमताने मंजूर झाला. बाजूने चार हात वर झाले, त्यांतला एक खुद्द दंतोबाचा होता, म्हणून तो मोजला नाही, आणि सगळ्यांत उंचही तोच होता.

तर असं काहीही घडलेलं नाही. वरची तीन वाक्यं ज्यांनी वाचली असतील त्यांनी ती जिथून उचलली तिथे परत ठेवावीत. दंतोबा मंडळाचा मानाचा सभासद आहे, त्याच्या चेहऱ्यावर समाधानाचा मागमूस नाही, आणि गोष्ट आत्ता सुरू होतेय.

दंतोबा कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे ठसे घेऊन त्याच्याकडे पाठवायचे, आणि तो त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यावर मेणाची हिरडी, हिरडीत एकेक दात असं करत करत अख्खं हसू तयार करायचा. त्याची कामाची जागा म्हणजे एका औषधाच्या दुकानामागची खोली. एक खिडकी, एक टेबल, पॉलिशची मोटर आणि तीन फळ्यांवर ओळीने मांडलेले जबडे. दिवसभर साठ-सत्तर तोंडं त्याच्यासमोर उघडी असायची आणि त्यांतलं एकही बोलायचं नाही. दात कोरून पोट भरत नाही, असं ज्याने कोणी म्हणून ठेवलंय त्याने दंतोबाला पाहिलेलं नव्हतं. त्याचं पोट व्यवस्थित भरत होतं. पोटाच्या वरचा भाग तेवढा रिकामा राहायचा, आणि तो भरायला रविवार होता.

रविवारी सकाळी नऊला मंडळ भरायचं, दर वेळी एकेकाच्या घरी. सभासद चार. अध्यक्ष आणि सचिव दोन्ही सरच होते. आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते आणि आता शिकवायला कोणी नसल्यामुळे नोंदवही लिहायचे. पोस्टमावशींनी पस्तीस वर्षं टपाल कचेरीच्या खिडकीमागे काढली होती. कुठलीही केबल तळहातावर घेऊन त्या “एकशे चाळीस ग्रॅम” म्हणायच्या आणि ती एकशे चाळीसच भरायची. तिसरे लिफ्टदादा. ते लिफ्ट दुरुस्त करायचे, आणि जगात जे जे काही थरथरतं त्याच्याशी त्यांचं वैर होतं. चौथा दंतोबा, वयाने सगळ्यांत लहान, म्हणून सोफ्याच्या कडेला.

मंडळाची एक ठरलेली रीत होती. आधी यजमानाच्या घरातला फ्रिज बंद करायचा. मग भिंतीवरची घड्याळं बाहेर नेऊन ठेवायची. मग पंखा थांबवून लिफ्टदादांनी त्याला हाताने धरायचं, कारण बंद पंखाही मनातून फिरत असतो असं त्यांचं मत होतं. मग रेकॉर्ड लागायची. बारा वर्षं एकच रेकॉर्ड, आणि तिचीही पहिली तीनच मिनिटं. एक बाई गात असते, मागे पियानो असतो, आणि बेचाळिसाव्या सेकंदाला कोणाची तरी खुर्ची करकरते. ही करकर म्हणजे मंडळाची मोजपट्टी. सरांच्या मते खुर्ची सागवानी होती. लिफ्टदादांच्या मते मागच्या डाव्या पायाचा स्क्रू ढिला होता. बसणारा माणूस साधारण अडुसष्ट किलोचा, हे पोस्टमावशींनी सांगितलं होतं आणि त्यावर चर्चा झाली नव्हती.

मंडळाची घटना सरांनी एका बैठकीत लिहिली होती. तिसरं कलम म्हणत होतं की यजमानाने आपल्या गाणी ऐकायच्या संचात दर वेळी किमान एक बदल करून दाखवावा. चौथं म्हणत होतं की बदलाने आवाज सुधारला पाहिजे. चौथ्या कलमामुळे बारा वर्षांत एकाही बदलाने आवाज बिघडलेला नव्हता. आणि पाचवं कलम असं होतं की जो बदल करणार नाही तो समाधानी समजला जाईल, व समाधानी माणसास मंडळातून कमी करण्यात येईल.

दंतोबाला समाधान झालं ते एका शनिवारी दुपारी, कसलीही पूर्वसूचना न देता.

तो घरी दोन केबल घेऊन बसला होता, एक निळी आणि एक करडी. दुसऱ्या दिवशी मंडळ त्याच्याकडे होतं. आधी जुन्या केबलवर ऐकायचं, मग निळीवर, मग करडीवर, आणि वहीत गुण मांडायचे, असा बेत होता. त्याने नेहमीची रेकॉर्ड काढायला कपाटात हात घातला तर भलतीच हाती लागली. म्हटलं असू दे. ती लावली. मग ती संपली, म्हणून उलटी करून लावली. मग बायको दारात येऊन उभी राहिली.

बायको ड्रायव्हिंग शिकवायची. रोज सहा अनोळखी लोकांच्या शेजारी बसून ती जिवंत घरी यायची, त्यामुळे घरात कशानेही दचकायची नाही.

“मग? कुठली चांगली?”

“काय कुठली?”

“केबल. निळी का करडी?”

“लावलीच नाही.”

“म्हणजे?”

“गाणं ऐकत बसलो.”

तिने जवळ येऊन त्याच्या कपाळाला हात लावला.

“ताप नाही,” ती म्हणाली. “कधीपासून होतंय असं?”

“दीड तास झाला.”

“आणि आता कसं वाटतंय?”

“छान वाटतंय गं. तेच तर.”

ती खाली बसली. समोर त्याचा संच होता. सासऱ्यांच्या मित्राने घर बदलताना दिलेला अ‍ॅम्प्लिफायर, एका कोपऱ्याला बाक आलेला. स्पीकरांची जोडी, ज्यांची जाळी एकदा मांजराने आणि एकदा भाच्याने फाडली होती. त्यातून बाई गात होती, आणि त्या खोलीत आता काही कमी आहे असं दोघांनाही वाटत नव्हतं.

“मग सांगून टाक ना मंडळात,” ती म्हणाली. “म्हणावं, पोचलो मी. माझे विद्यार्थी बघ, घर आलं की गाडी लावतात. तू घर आलं तरी गल्लीत चकरा मारतोयस.”

“गाडी लावली की उतरावं लागतं.”

“उतर मग.”

“आणि रविवारी जाऊ कुठे?”

मंडळाबाहेर दंतोबाला मित्र नव्हते. जबडे होते, पण ते धरता येत नाहीत. पाचव्या कलमाने ही तीन माणसं गेली असती, आणि चाळिशीनंतर नवी तीन माणसं मिळवायला कुठल्या खिडकीवर रांग लावायची, हे पोस्टमावशींनाही माहीत नसावं.

म्हणून दुसऱ्या दिवशी दंतोबा खोटं बोलला.

“प्लगच्या आतला स्क्रू पाव फेरा आवळलाय,” त्याने जाहीर केलं. त्याने आवळला नव्हता. प्लग उघडायचा स्क्रूड्रायव्हरच घरात सापडला नव्हता.

तीन मिनिटं झाली. लिफ्टदादांनी पंखा सोडला.

“अरे बाप रे,” ते म्हणाले.

“खुर्ची अर्धा फूट पुढे आली,” सर म्हणाले आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

चार आठवड्यांनी पुन्हा दंतोबाची पाळी आली. पण आता लिफ्टदादा हुशार झाले होते. “तोंडी नको हां दंतोबा. हातात धरता येईल असं काहीतरी दाखव.” चोराच्या मनात चांदणं, तसं दंतोबाला वाटलं की आपण पकडलो गेलो. शनिवारी कामाच्या खोलीत त्याने इकडेतिकडे पाहिलं. जिथे तिथे दात. मग त्याने मुकाट्याने चार अक्कलदाढा ओतल्या, खऱ्या दाढेच्या तिप्पट मोठ्या, खाली गुलाबी हिरडी, तळाला रबराची चकती. अशा पॉलिश केल्या की त्यांत खिडकी दिसावी. रविवारी अ‍ॅम्प्लिफायर त्या चार दाढांवर उभा होता.

“हे काय?” सरांनी गुडघ्यांवर बसून विचारलं.

“कंपनशोषक पाय. मागवलेत.” कुठून मागवलेत ते त्याने सांगितलं नाही, कारण स्वतःकडूनच मागवले होते.

“दाढेचा आकार का?”

दंतोबाची दातखीळ बसली. ती सोडवली पोस्टमावशींनी. “दाब सहन करायला दाढेइतकं दुसरं काही बनलंय का जगात? ज्याला सुचलं त्याचे पाय धरायला पाहिजेत.” त्यांनी एक तळहातावर घेतली. “बावीस ग्रॅम.”

रेकॉर्ड लागली. तीन मिनिटं झाली.

“बेस आता मजल्याच्या बरोबरीला थांबतोय,” लिफ्टदादा म्हणाले. “आधी दोन इंच वर थांबायचा. पाय ठेचायचा माणसाचा.”

“उजवा आणि डावा एकाच टपालाने आले,” मावशी म्हणाल्या. “आधी डावा दुसऱ्या दिवशी यायचा.”

सरांनी लिहिलं: मधला भाग आता चावून चावून येतो.

दंतोबाला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पण पुढच्या महिन्याभरात तो इतका कामात होता की वाईट वाटून घ्यायला सवड मिळाली नाही. लिफ्टदादांना आठ दाढा हव्या होत्या, मग आणखी चार. मावशींना सुळे हवे होते, कारण त्यांच्या टर्नटेबलला टोकदार आधार लागतो. आणि सर एका संध्याकाळी स्वतः कामाच्या खोलीच्या दारात उभे राहिले. दंतोबाने फळीवर पटकन चादर टाकली.

“त्या तुमच्या कंपनीला कळवा,” सर म्हणाले. “मला सुट्या दाढा नकोत. तुकड्यातुकड्यांनी विज्ञान होत नसतं. मला अखंड जबडा हवा.”

“वरचा का खालचा?”

“अहो, आधार देतो तो खालचाच. वरचा नुसता येऊन आपटतो.”

नाही म्हणणं शक्य होतं. पण दंतोबा कारागीर होता आणि बारा वर्षांत त्याच्याकडे कोणी इतक्या आशेने पाहिलं नव्हतं. गिऱ्हाइकं पाहायची, पण ती आधी आरशात पाहायची. त्याने सरांसाठी चौदा दातांचा जबडा केला. मागच्या बाजूला भरीव, खाली रबराचे तीन पाय. त्याच आठवड्यात दातांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे येणाऱ्या आजोबांसाठी त्याने खालची पूर्ण कवळी केली होती. शनिवारी दोन्ही तयार झाली. दोन निळे डबे होते. दोन्हींवर दंतोबाने सवयीने एकच चिठ्ठी चिकटवली, ‘खालचा, पूर्ण’. मग एक डबा दवाखान्यात गेला आणि एक सरांकडे.

रविवारी सकाळी साडेआठला फोन वाजला. डॉक्टरीणबाई होत्या.

“दंतोबा, आजोबांची कवळी मिळाली.”

“बसली नीट?”

“तिला रबराचे पाय आहेत.”

दंतोबाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तीन आहेत,” बाई म्हणाल्या. “मी आजोबांना विचारलं, चालताना घसरते का म्हणून.”

“तोंडात घातली त्यांनी?”

“घातली. म्हणतायत, चावताना अजिबात आवाज येत नाही, उत्तम वस्तू आहे. फक्त तोंड मिटत नाही. दंतोबा, मी आज सुट्टीच्या दिवशी दवाखाना उघडलाय. बारा वाजता त्यांना वाचनालयात मुलांना गोष्ट सांगायचीय. राक्षसाची. तो राक्षस दातांशिवाय कसा करायचा? त्याला काय पेज पाजायची?”

बायकोने गाडी काढली. वर ‘शिकाऊ’ अशी पाटी असलेल्या गाडीला सगळे वाट देतात, त्यामुळे ती दोघं वीस मिनिटांत सरांच्या दाराशी पोचली.

“मी खाली थांबते,” ती म्हणाली. “हळूच काढ आणि ये.”

“आणि त्यांना काय सांगू?”

“ते तू बघ. माझ्या बाजूला फक्त ब्रेक असतो.”

वर सगळं तयार होतं. फ्रिज बंद, घड्याळं बाहेर, लिफ्टदादा पंख्याखाली स्टुलावर. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. अ‍ॅम्प्लिफायरवर रुमाल झाकलेला होता; तो त्यांनी दोन बोटांनी उचलला.

अ‍ॅम्प्लिफायर आजोबांच्या कवळीवर बसला होता. मागच्या बाजूला टेकू म्हणून दोन पुस्तकं होती. पुढून पाहिलं तर यंत्राने खालचा ओठ ओढून दात दाखवावेत तसं दिसत होतं.

“आणि इकडे बघा,” सर म्हणाले. “हा एक दात किंचित तिरपा आहे. कंपनांना बाहेर पडायला वाट म्हणून. केवढा विचार केलाय माणसाने!”

तो दात आजोबांनी सांगून तिरपा करून घेतला होता. आधीचा तसाच होता म्हणाले, सरळ केला तर नातवंडं ओळखायची नाहीत.

रेकॉर्ड लागली. बेचाळिसाव्या सेकंदाला खुर्ची करकरली आणि सरांनी डोळे मिटले. लिफ्टदादा म्हणाले, की खुर्चीवरच्या माणसाने आज पँट बदललीय. मावशी म्हणाल्या, रजिस्टर्ड. एवढा एकच शब्द. सर लिहीत होते, आणि दंतोबाने बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवलेल्या घड्याळाकडे मान लांब करून पाहिलं. पावणेदहा.

“सर,” तो म्हणाला, “जरा एकदा ते काढून ऐकू या का?”

“काढून?” सरांनी पेन थांबवलं. “म्हणजे मागे जायचं?”

“तुलना म्हणून.”

“कलम चार, दंतोबा. काढून आवाज सुधारणार असेल तरच काढता येईल. आणि तो सुधारूच शकत नाही, हे मी आत्ता लिहिलंय.”

“मग उसनं द्या. दुपारपर्यंत.”

“दंतोबा,” लिफ्टदादा स्टुलावरून म्हणाले, “तुझ्याकडे चार आहेत ना रे? आणखी हाव करू नकोस.”

खाली गाडीचा हॉर्न वाजला, एकदाच. दंतोबाने सोफ्यावरच्या दोघांकडे आणि स्टुलावरच्या एकाकडे पाहिलं. ही माणसं त्याने बारा वर्षं दर रविवारी पाहिली होती. आणखी एखादा मिनिट पाहून घ्यावं असं त्याला वाटलं, आणि त्याने तेवढं घेतलं.

“ती एका आजोबांची कवळी आहे,” तो म्हणाला.

फ्रिज बंद होता. पंखा धरलेला होता. घड्याळं बाहेर होती. मंडळाने बारा वर्षांत इतकी शुद्ध शांतता कधी ऐकली नव्हती.

“आजोबा कुठल्या कंपनीचे?” सरांनी विचारलं.

“कंपनी नाही, सर. आजोबा. माणूस. बारा वाजता त्यांना राक्षस करायचाय.” आणि मग बाकीचं आपोआप बाहेर आलं, साच्यातून जबडा सुटावा तसं. “दाढा मीच केल्या. सुळेही मीच. त्याआधीचा तो प्लगचा स्क्रू, तोही आवळला नव्हता. दोन महिने झाले, माझ्याकडे काहीही बदललेलं नाही. मला माझा संच आवडतो. मी शनिवारी बसतो आणि ऐकतो आणि मला पुढचं काही नको असतं. समाधान झालंय मला. पण तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मला कमी केलं असतं, आणि मग मी... माझ्याकडे दुसरा रविवार नाहीये हो.”

“म्हणजे,” लिफ्टदादा सावकाश म्हणाले, “मी वॉशिंग मशीनखाली लावल्यात त्या?”

“नुसत्या दाढा.”

“पण आमचं मशीन स्वैपाकघरात चालत यायचं ते थांबलं ना!”

“ते रबरामुळे.”

“म्हणजे थांबलं ते खरं आहे?”

“ते खरं आहे.”

“मग एवढं तोंड पाडून काय उभा आहेस?” लिफ्टदादा म्हणाले आणि बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पंखा मध्येच सोडला.

पोस्टमावशींनी पदराने चष्मा पुसला. “माझं सांगू? डॉक्टर म्हणाले, डावा कान चार वर्षांपूर्वीच गेलाय. तुम्ही म्हणता ना डावा-उजवा, मला काय बाई, सगळं टपाल एकाच दारातून येतं. मी तुमच्या तोंडाकडे बघून शेरा द्यायची.”

“मग यायचात कशाला?” सरांनी विचारलं. रागाने नाही, खरंच माहीत नव्हतं म्हणून.

“खिडकीपलीकडची माणसं पस्तीस वर्षं बघितली, सर. खिडकीशिवाय अशी तीनच मिळाली.”

सरांनी नोंदवही मिटली. मग उठून दोन्ही हातांनी अ‍ॅम्प्लिफायर उचलला आणि मानेनेच दंतोबाला खूण केली. दंतोबाने कवळी काढून घेतली. सरांनी अ‍ॅम्प्लिफायर साध्या लाकडी फळीवर ठेवला आणि त्यावरून हात फिरवला, परीक्षेत नापास झालेल्या पण कष्टाळू मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

बायको वर आली होती. तिने कवळी साबणाने धुतली, डब्यात घातली, “बारा वाजायच्या आत पोचवते” म्हणाली आणि गेली. जाताना तिने सवयीने सरांच्या दाराजवळचा आरसा नीट केला.

“आता?” लिफ्टदादा म्हणाले.

“लाव की रेकॉर्ड,” मावशी म्हणाल्या.

“पण बदल काय ऐकायचा?” सर म्हणाले. ते खरोखर हरवल्यासारखे दिसत होते.

“काही नाही, सर,” दंतोबा म्हणाला. “तुम्ही मध्ये बसा.”

रेकॉर्ड लागली. बेचाळिसाव्या सेकंदाला खुर्ची करकरली, आणि कोणी काही म्हणायच्या आत गाणं पुढे निघून गेलं. तीन मिनिटं झाली. सरांचा हात सवयीने पुढे झाला, मावशींनी तो धरून खाली ठेवला. चौथं मिनिट लागलं. मंडळाला चौथ्या मिनिटाची माहिती नव्हती. तिथे बाईचा आवाज थोडा खाली येत होता, जिना उतरून आपल्यापाशी यावं तसा. पाचव्या मिनिटाला पियानो एकटाच वाजला. लिफ्टदादांनी खिशात हात घातले, आता धरायला काही नव्हतं. बाजू संपली तेव्हा दंतोबाने उठून ती उलटली. रेकॉर्डला दुसरी बाजू असते हे सगळ्यांना ठाऊक होतं, चंद्राला असते तशी. आपण कधी तिकडे जाऊ असं कोणाला वाटलं नव्हतं.

“ही गातेय काय पण?” मावशींनी मध्येच विचारलं. “बारा वर्षं झाली, मी अजून विचारलं नाही.”

सगळ्यांनी लक्ष देऊन ऐकलं. बाई कोणाला तरी सांगत होती, की निघालास तर निघ, पण बसला आहेस तेवढा बस.

“तो खुर्चीवाला असेल,” लिफ्टदादा म्हणाले. “तेव्हा उठायला लागला, म्हणून करकरली.”

“आणि मग उठत नाही,” सर म्हणाले. “नंतर एकदाही करकर नाही. म्हणजे बसला तो.” त्यांनी हे वहीत लिहिलं नाही. चष्मा काढला आणि तो कुठे ठेवायचा ते न कळून हातातच धरून ठेवला.

दंतोबा सोफ्याच्या कडेला बसला होता. सरांचा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्यापेक्षा महाग, मावशींचे स्पीकर त्याच्यापेक्षा मोठे, लिफ्टदादांची खोली त्याच्यापेक्षा शांत, हे सगळं त्याला पाठ होतं आणि त्यातलं काहीही आत्ता आठवत नव्हतं. एका कानाची मावशी, धरायला काही नसलेले दादा, पेन मिटलेले सर. यांच्यात आता आणखी काय सुधारायचं? कोणीतरी, कुठेतरी, हे आपल्याला जोडून दिलं, आणि वायर नीट बसलीय. त्याने कोणाचे तरी मनातल्या मनात आभार मानले. नक्की कोणाचे ते ठरत नव्हतं, म्हणून सगळ्यांचे मानले; त्यात फ्रिजचेही मानले, कारण तो कोणीतरी पुन्हा चालू केला होता आणि तो छान सुरात होता.

साडेबाराला बायको परत आली. आजोबांचा राक्षस इतका जोरदार झाला की दोन मुलं रडली आणि मग त्याच दोघांनी पुन्हा सांगा म्हणून हट्ट धरला. तिरप्या दाताला टाळ्या पडल्या. “आणि रबराची कवळी आजोबा परत द्यायला तयार नाहीत,” ती म्हणाली. “घरी रेडिओखाली ठेवणार म्हणतात. खूप फरक पडेल म्हणे.”

यानंतर सरांनी नोंदवही उघडली, कारण घटना ती घटना. पुढे काय झालं ते झालेलंच नाही हे सुरुवातीला सांगितलं आहे, त्यामुळे ते इथे पुन्हा सांगता येत नाही. एवढंच सांगता येईल, की दंतोबाचा हात खाली यायच्या आत लिफ्टदादा म्हणाले, “मग मलाही कमी करा. आमचं मशीन जागेवर राहतं, मला आता काही नको.” ठराव झाला. मग मावशी म्हणाल्या, “मी इथे एकटी काय करू?” तोही ठराव झाला, एका मताने, कारण मत द्यायला आपल्या प्रकरणात मावशींना मनाई होती आणि उरले होते फक्त सर.

पुढच्या रविवारी नऊ वाजता दंतोबाच्या घरी तीन माजी सभासद जमले. फ्रिज चालू होता, घड्याळं भिंतीवर होती, पंखा फिरत होता. दारात सर उभे होते, बगलेत नोंदवही.

“मी मंडळातर्फे आलोय,” ते म्हणाले. “निरीक्षक म्हणून. मला आत बसता येणार नाही, मी असमाधानी आहे. कागदोपत्री.”

“सर, या हो आत,” दंतोबा म्हणाला.

“येतो. पण घटनेत सोय व्हायला हवी.” ते आत आले, सोफ्याच्या बरोबर मध्ये बसले, आणि दुसऱ्या बाजूचं दुसरं गाणं सुरू होईपर्यंत मान खाली घालून लिहीत राहिले. मग कागद फाडून त्यांनी स्वतःच्याच हातात दिला, त्यावर पोचपावतीची सही केली, आणि ऐकायला लागले. कागद असा होता:

प्रति,
मा. अध्यक्ष,
श्रवण सुधार मंडळ.

अर्जदार: अध्यक्ष, सचिव व एकमेव उर्वरित सभासद, श्रवण सुधार मंडळ.

विषय: अर्जदारास समाधानी समजून मंडळातून कमी करण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, अर्जदाराच्या संचात गेल्या आठ दिवसांत कोणताही बदल झालेला नाही व तो व्हावा अशी इच्छाही अर्जदारास राहिलेली नाही. अर्जदारास सदर अवस्था सुखावह वाटते. तथापि कलम सहा अन्वये कोणत्याही सभासदास स्वतःच्या प्रकरणी मतदान करता येत नाही, व अन्य सभासद शिल्लक नाहीत, ही बाब आपणांस ज्ञात आहेच. अर्जदाराचे तीनही स्नेही मंडळाबाहेर असून ते अर्जदारापासून हाताच्या अंतरावर बसलेले आहेत.

सबब, सदर अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन, सभेची गणसंख्या पूर्ण होताच, अर्जदारास सर्वानुमते, सन्मानपूर्वक व कायमचे काढून टाकण्यात यावे, ही नम्र विनंती.